एवढ्याशा कामाला वायरमन?

प्रत्येक इमारतीत एक नाना असतात. आमचे दुसऱ्या मजल्यावर राहतात. नोकरी गेली हिशेबाच्या वह्यांत, पण बोलणं असं की सगळी हयात विजेच्या खांबावरच काढली असावी. लोक खिशाला पेन लावतात, नाना टेस्टर लावतात. लग्नाला जातानाही.

परवा त्यांच्या मिक्सरचं सॉकेट हलायला लागलं. पिन ओढली की अख्खी प्लेट भिंत सोडून पुढे यायची. चटणी वाटताना आत चरचर, आणि पिन हाताला गरम. मी म्हटलं, वायरमनला बोलवा. नानांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी नखं कापायला सर्जन सुचवला असावा.

"गरम का होतं, नाना?"

"उन्हाळा."

उन्हाळ्याचा काय संबंध! आत स्क्रूखालची वायर ढिली झाली की करंट तिथे अडखळतो, जागा तापते, ठिणगी पडते, प्लास्टिक काळं होतं. पण हे नानांना सांगणार कोण? त्यांच्या मते विजेच्या बहुतेक दुखण्यांवर औषध एकच, आगपेटीच्या काड्या. पिन नसलेली वायर भोकात बसत नाही? काडी खोचा. भिंतीत स्क्रू धरत नाही? दोन काड्या. आग लागू नये म्हणून आगपेटी वापरणारा दुसरा माणूस मी पाहिलेला नाही.

"मेन बंद करू का?"

"बटण बंद आहे ना? झालं तर!" जुन्या वायरिंगमध्ये बटण कधीकधी न्यूट्रलवर असतं, म्हणजे ते बंद असलं तरी सॉकेट जिवंतच. यावर नानांचं उत्तर: "मला करंट लागत नाही. अंगच तसं आहे."

पायात रबरी चपला, चपलांखाली लाकडी पाट. नाना पाटावर चढले आणि पंखा थांबला.

"गेली! मी काम काढलं की नेमकी जाते. चोवीस वर्षं बघतोय."

लाइट नसतानाही त्यांनी टेस्टर लावलाच. शिस्त म्हणजे शिस्त. तो पेटला नाही. "बघ, मेलंय." टेस्टर स्वतः जिवंत आहे का, हे आधी चालू पॉइंटवर बघावं लागतं, हे मी गिळलं. माझी नेमणूक बॅटरी धरायला होती. उजेडात दिसलं ते असं: लाल वायरचं टोक कोळशासारखं, आणि भिंतीतल्या पेटीचा स्क्रू धरणारा कान तुटलेला.

"काड्या आण!"

बाहेर आलो तर शेजारच्यांचा टीव्ही खणखणीत चालू. दाराजवळच्या बोर्डापाशी काकू उभ्या, मेनच्या खटक्यावर बोट ठेवून.

"पूर्वी फ्यूज काढून पदरात बांधायचे," त्या कुजबुजल्या. "हे खटके आल्यापासून बरं पडतं. वायरमनला उद्या सातला सांगितलंय. हे तेव्हा फिरायला जातात."

आतून आवाज आला, "झालं रे! पण आता लाइट कधी येते कोण जाणे."

"अहो, पाटावरून उतरलात का?" काकूंनी विचारलं.

"उतरलो."

"मग येईलच."