छत्तीस फुटी सोवळं

मराठीत ते बोट हाताला असतं आणि ती बोट पाण्यात. ती बोट माणसाच्या आयुष्यात आली की ते बोट दिवसभर एकच काम करतं: लिटर मोजणं.

शिडाच्या बोटीवर बिऱ्हाड करून राहणारी एक जमात आहे. वारकरी तसे हे बोटकरी. बोटकरी साठीच्या अलीकडेपलीकडे असतो, जमिनीवरचं घर त्याने विकलेलं असतं, केस काथ्यासारखे झालेले असतात. वारा, शिडं, सूर्यास्त, कुठूनही बोलायला सुरुवात करा, पाचव्या मिनिटाला गाडी आंघोळीवर येते. जो माणूस रोज आंघोळ करतो तो आंघोळीबद्दल कधी बोलत नाही. बोटकरी दुसरं काही बोलतच नाही.

आमच्या घरातला बोटकरी म्हणजे हिचा मावसभाऊ. जन्म गिरगावातला, तीस वर्षं इंग्लंडात कॉम्प्युटरपुढे गेली. आता ग्रीसमध्ये, आयोनियन समुद्रात, लेफकाडा बेटाच्या आसपास छत्तीस फुटी बोटीवर राहतो. ही त्याला दादा म्हणते. मी मनातल्या मनात कप्तान. मागे एकदा जुलैत आम्ही त्याच्याकडे आठ दिवस राहायला गेलो. बोटीवर पाय ठेवायच्या आत त्याचं स्वागतपर भाषण झालं. "भाऊजी, चपला काढा. टाकीत तीनशे लिटर आहे. पिणं, स्वयंपाक, सगळं त्यातच. केस रोज धुता का?"

मला टक्कल आहे. प्रश्न हिच्यासाठी होता, पण तिला विचारायची त्याची छाती नव्हती.

घरच्या शॉवरमधून मिनिटाला आठ-दहा लिटर पाणी सहज वाहून जातं, हे मला कप्तानाने सांगितलं. सूर असा, की डॉक्टर 'दिवसाला किती ओढता?' विचारतात तसा. बोटीवरची आंघोळ समुद्रात होते. मागच्या शिडीवरून पाण्यात उतरायचं, वर येऊन अंगाला फेस लावायचा, पुन्हा बुडी. साबणाची वडी चालत नाही, कारण समुद्राच्या पाण्यातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियममुळे साबण दुधासारखा फाटतो आणि अंगावर चिकट साका बसतो. बोअरचं जड पाणी वापरलेल्या माणसाला हे दुःख नवं नाही. म्हणून कप्तान शाम्पू वापरतो, आणि तो संपला की भांडी घासायचं लिक्विड. त्याच्या अंगाला लिंबाचा वास येतो तो त्यामुळे.

शेवटी अंगावरचं मीठ उतरवायला गोडं पाणी, माणशी एक लिटर. हे पाणी फवारणीच्या पंपातून मिळतं. नाशकाकडे द्राक्षांवर औषध मारतात त्या पंपाचा धाकटा भाऊ. दांडा हलवून हवा भरायची, नळी अंगावर धरायची, धुकं पडतं. पहिल्या दिवशी माझं अर्धं अंग झालं आणि पंप खोकायला लागला. कप्तान म्हणाला, "डोक्यापासून सुरू करायचं असतं, भाऊजी. तुम्ही पायांवर उधळलंत."

समुद्राचं पाणी गोडं करणारं यंत्र मिळतं. हवेच्या पन्नास-साठपट दाबाने पाणी पडद्यातून ढकलतं. ते बसवणाऱ्यांकडे कप्तान असं बघतो, जसं जुने चाळकरी ब्लॉकवाल्यांकडे बघायचे. त्याचं दैवत म्हणजे रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन. 1968-69 मध्ये कुठेही न थांबता एकट्याने पृथ्वीला फेरी घालणारा पहिला माणूस. तीनशेहून जास्त दिवस समुद्रात होता, टाकीतलं पाणी खराब झालं तेव्हा पावसाचं पाणी धरून भागवलं. त्याची 'सुहैली' सागवानी, आणि बांधली होती मुंबईत. हे सांगताना कप्तानाचा ऊर असा भरून येतो की जणू फळ्या त्यानेच रंधल्या होत्या.

संडासाबद्दल थोडक्यात आटोपतो. हाताने पंप मारावा लागतो, वीस वेळा. नियम एकच: आधी पोटात गेलं नसेल असं काहीही त्यात टाकायचं नाही. कागदसुद्धा नाही. पाण्यावर वाढलेल्या माणसाला हा नियम फारसा जड गेला नाही.

खरा जाच मिठाचा. लिटरभर समुद्रात पस्तीस ग्रॅम मीठ, आणि मीठ हवेतला ओलावा ओढतं. पावसाळ्यात आपल्या मिठाच्या बरणीला पाणी सुटतं, तेच इथे टॉवेलला सुटतं, मग उशीला, मग गादीला. एकदा मीठ शिरलं की गादी वाळत नाही. म्हणून बोटीचे दोन भाग आहेत. वरचा डेक मिठाचा, खालची खोली गोडी. वरचा टॉवेल खाली न्यायचा नाही, खालचा वर आणायचा नाही. समुद्रातून आलेल्याने फवारा घेतल्याशिवाय शिडी उतरायची नाही, कशाला टेकायचं नाही. वाळत घातलेल्या खालच्या कपड्यांना वरच्यांचा स्पर्श झाला तर ते परत धुवायचे. दोन दिवस मी ऐकून घेतलं. तिसऱ्या दिवशी मला हे सगळं ओळखीचं वाटायला लागलं, पण कुठून ते कळेना.

संध्याकाळी आम्ही कुठल्यातरी गावच्या खाणावळीपुढे बोट बांधायचो. जेवाल तर बांधायला पैसे नाहीत, अशी तिकडे बऱ्याच ठिकाणी पद्धत आहे, आणि काही ठिकाणी आंघोळीचीही सोय असते. कप्तान मेन्यू बघत नाही, न्हाणी बघून येतो. एका ठिकाणी अत्यंत वातड ऑक्टोपस खाल्ला, कारण तिथे पाणी गरम होतं.

सहाव्या दिवशी मी पोहून वर आलो आणि चष्मा आणायला तसाच खाली गेलो. ओल्या अंगाने, सरळ हिच्या अंथरुणावर बसलो. वरून किंकाळी आली. "अहो, शिवू नका! उठा! सगळं विटाळलंत!"

ही कांदा चिरत होती. सुरी तशीच हातात धरून तिने वर बघितलं. "दादा," ती म्हणाली, "आजी आली होती का रे आत्ता?"

गिरगावच्या चाळीत आजी पहाटे चारच्या नळाला आंघोळ उरकून सोवळ्याची धाबळी नेसायची, आणि हाच दादा तिला मुद्दाम शिवून पळायचा. तिला परत आंघोळ. हे थोतांड आहे असं त्याने बाराव्या वर्षी भर पंगतीत जाहीर केलं होतं.

कप्तान काही बोलला नाही. मला वर ओढून डेकवर उभं केलं आणि पंपाने माझ्या टकलावर धार धरली. धरताना ओठ हलत होते.

"मंत्र म्हणतोयस का?" हिने खालून विचारलं.

"एकशे सेहेचाळीस," तो म्हणाला. "उरलं."