कमरेचं वजन

गेली दोन वर्षं अण्णा उजवा हात अंगापासून वीतभर लांब धरून चालतात. नव्या माणसाला वाटतं, काखेत गळू झालंय. गावाला ठाऊक आहे, ते गळू नव्हे, बत्तीस बोअरचं रिव्हॉल्व्हर आहे.

अण्णा म्हणजे आमच्या गावचे गुंठामंत्री. हिंजवडीत कंपन्या आल्या, रस्ता रुंद झाला आणि ज्या माळावर त्यांच्या वडिलांना पेरलेले हुलगेसुद्धा परत मिळत नव्हते, तो माळ गुंठ्यागुंठ्याने विकला गेला. गुंठा म्हणजे 1089 चौरस फूट. या आकड्याला कशानेही गुणायला सांगा, अण्णा उभ्या उभ्या गुणून देतात. शाळेत सतराचा पाढा मात्र त्यांनी मला एकदाही म्हणून दाखवला नाही. मी त्यांचा गुरुजी. समोर मी त्यांना अजून 'तू' म्हणतो, पण लिहिताना आदरार्थी लिहितो. माणूस परवानाधारक आहे.

पांढरी गाडी आली, पांढरे कपडे आले, पांढरे बूट आले. बोटभर जाडीची चेन आली. मग एकदा कुठल्याशा साखरपुड्यात शेजारच्या गावचे सरपंच पंगतीला बसले आणि बसताना त्यांच्या कमरेला काहीतरी टेकलं. ते त्यांनी दोन बोटांनी हळूच सरकवून घेतलं. बस, एवढंच. अण्णांना श्रीखंड गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते माझ्या ओट्यावर. "गुरुजी, अर्ज लिहा. तुमचं अक्षर चांगलंय."

"कारण काय लिहू?"

"जिवाला धोका हाय म्हणा."

"कोणापासून?"

अण्णा बराच वेळ विचारात पडले. भावकीत बांधाचं भांडण होतं, पण बांधच विकल्यामुळे ते मिटलं होतं. चुलतभावाने एकदा 'बघून घेतो' म्हटलं होतं, पण तो आता अण्णांच्याच गाडीवर ड्रायव्हर होता. शेवटी आम्ही 'व्यवसायानिमित्त मोठ्या रकमा जवळ बाळगाव्या लागतात' असं लिहिलं. अण्णांचा चेहरा उतरला. एवढा पैसा मिळवला आणि जिवावर उठलेला एक माणूस मिळवता आला नाही, ही खंत त्यांच्या तोंडावर स्पष्ट दिसत होती.

खरी गंमत चौकशीत झाली. परवाना देण्याआधी पोलीस अर्जदाराची चालचलणूक पाहतात. अण्णांनी आदल्या रात्री वाडीत फिरून सगळ्यांना पढवलं होतं की माझ्याबद्दल चांगलं बोला. लोक भरभरून बोलले. "देवमाणूस. कुणाच्या अध्यात न् मध्यात नाही. एक वैरी दाखवा." जमादारांनी वही मिटली. "मग बंदूक कशाला पाहिजे?" म्हणाले. माणूस निर्वैर असावा लागतो आणि त्याच वेळी त्याच्या जिवावरही बेतलेलं असावं लागतं, ही परवान्याची गोम अण्णांना तेव्हा कळली. पुढच्या चौकशीच्या वेळी एकदोघांना त्यांनी थोडं वाईट बोलायला सांगितलं. ते लोक अजून बोलतात.

2016 च्या शस्त्र नियमांनंतर हत्यार कसं हाताळायचं याचं प्रशिक्षणही घ्यावं लागतं. मी सोबत गेलो होतो. शिकवणारा निवृत्त फौजी. त्याने पहिल्या तासात एकच गोष्ट सांगितली: बोट चापावर नाही, चापाच्या बाहेर, नळीला समांतर. अण्णांचं बोट दर मिनिटाला आपोआप चापावर जायचं आणि फौजी दर मिनिटाला त्यावर पट्टी मारायचा. मला माझे दिवस आठवले. घोडा मागे न ओढता नुसता चाप दाबायचा तर रिव्हॉल्व्हरला चांगलाच जोर लागतो, कारण तोच चाप आधी चक्री फिरवतो, घोडा उचलतो आणि मग सोडतो. अण्णांचं सगळं अंग चापाबरोबर आवळायचं, डोळे मिटायचे आणि नळी जमिनीला वाकून नमस्कार करायची. सहा गोळ्या झाल्या. कागदावरचा माणूस जसाच्या तसा.

"माशी धरा, माशी," फौजी ओरडला.

"कुठाय माशी?"

नळीच्या टोकाची माशी अण्णांना दिसतच नव्हती. पन्नाशी उलटलेली, चाळिशी लागून दहा वर्षं झालेली, पण पांढऱ्या कपड्यांवर चष्मा शोभत नाही म्हणून तो गाडीच्या कप्प्यात असायचा. चष्मा घातल्यावर दोन गोळ्या कागदाला लागल्या. एक तर माणसालाही लागली, कोपराला.

2024 च्या जानेवारीत परवाना आला आणि आम्ही शहरातल्या दुकानात गेलो. अण्णा, वहिनी, ड्रायव्हर चुलतभाऊ आणि अक्षर चांगलं म्हणून मी. अण्णांनी खुर्चीत बसता बसता फर्मान सोडलं, "नऊ एमएम दाखवा. पिच्चरमधलं."

दुकानदार पारशी लकबीचे, थंड गृहस्थ. "ते प्रतिबंधित बोअर. लष्कर न् पोलीस. आपल्याला बत्तीस."

"मग फॉरेनचं बत्तीस."

परदेशी हत्यारांची खाजगी आयात ऐंशीच्या दशकातच आवळली गेली, त्यामुळे जुनी वेब्ली वगैरे एखाद्याच्या आजोबांकडून फिरत फिरत येते आणि तिची किंमत ऐकून माणूस आपला माळ पुन्हा विकायला काढतो. अण्णांकडे विकायला माळ उरला नव्हता. मग कानपूरचा सरकारी माल टेबलावर आला. पहिलं जुन्या वेब्लीच्या वळणाचं. दुकानदारांनी खटका दाबला आणि ते मधोमध दुमडलं. नळी खाली गेली, चक्रीची सहा घरं वर तोंड करून उभी राहिली.

"आवं, मोडलं की!" अण्णा किंचाळले.

असंच उघडतं, असंच भरायचं आणि उघडताना सहाही पुंगळ्या आपोआप वर उचलल्या जातात, हे समजावायला पाच मिनिटं गेली. पण अण्णांचं मन विटलं. "चारचौघांत काढलं आन् दुमडलं तर?"

दुसरं 'निर्भीक'. 2014 च्या जानेवारीत बाजारात आलेलं, पाचशे ग्रॅमचं, तेव्हाची किंमत 1 लाख 22 हजार. दिल्लीच्या 'निर्भया'ची आठवण ठेवून, बायकांना झेपेल असं काढलेलं. ते दागिन्यांच्या डब्यासारख्या पेटीत होतं. अण्णांनी 'बायकांचं' एवढं ऐकून मान फिरवली. वहिनींनी मात्र पेटी जवळ ओढली. आजवर अशा पेटीतून त्यांनी फक्त राणीहार काढलेला. रिव्हॉल्व्हर हातात घेऊन त्यांनी बोट चापाच्या बाहेर, नळीला समांतर ठेवलं. कोणी शिकवलं कोण जाणे. म्हणाल्या, "पर्समध्ये बसंल." दुकानात क्षणभर शांतता पसरली. चुलतभाऊ दाराबाहेर जाऊन उभा राहिला.

तिसरं 'प्रबळ', 2023 च्या ऑगस्टमधलं नवं कोरं, चक्री बाजूला उघडणारं. पन्नास मीटरपर्यंत मार असल्याचा बोलबाला. अण्णांना पन्नास मीटरवर माणूस आहे की म्हैस हे चष्म्याशिवाय कळत नाही. पण त्यांनी तेच घेतलं, कारण ते मोडत नव्हतं.

"दोन घेता येतात नव्हं?" त्यांनी विचारलं. येतात. 2019 ला कायदा बदलला तेव्हा तिनाची दोन झाली. वहिनींनी पेटीवरचा हात काढला नव्हता. अण्णांनी विषय बदलला.

"आता गोळी कुठली चांगली?"

"बत्तीसची."

"तसं नाय. म्हंजे कुठल्या देशाची? भारीतली?"

दुकानदारांनी एक काडतूस टेबलावर उलटं उभं केलं. करंगळीच्या पेराएवढी पितळी पुंगळी. बुडावर बारीक अक्षरं: के, एफ. अण्णांनी ते नाकापर्यंत नेलं, मग हातभर लांब धरलं आणि शेवटी मला दिलं. मी वाचून दाखवलं. के म्हणजे किर्की, एफ म्हणजे फॅक्टरी.

"म्हंजे आपली खडकी?"

आपली खडकी. 1869 पासूनचा दारूगोळा कारखाना. गावापासून तासाभराच्या वाटेवर. इटली, जर्मनीची नावं ऐकायला आलेल्या अण्णांना आपला माल घराजवळचा निघाल्याचं आधी दुःख झालं, पण लगेच डोळे चमकले. "आमचा मावसभाऊ हाय तिथं, कँटीनला. काय कमीजास्त होईल का?" दुकानदारांनी उत्तर न देता काडतुसं मोजायला घेतली. परवान्यावर लिहिलेल्या आकड्याच्या वर एकही मिळत नाही. हा सबंध व्यवहारातला एकच आकडा होता, ज्यात अण्णांना घासाघीस करता आली नाही.

तो सगळा जोर त्यांनी इतर सामानावर काढला. कमरेचं कातडी म्यान, काखेतलं म्यान, पायाला बांधायचं म्यान, पितळी ब्रश, सळई, तेलाची कुपी. दुकानदार बिचारे प्रामाणिक. त्यांनी स्वतःहून सांगितलं की रिव्हॉल्व्हर घरी कातडी म्यानात ठेवू नका, कातडं ओल धरतं, गंज चढतो. आमच्याकडे आषाढात कपाटातल्या पितांबरालासुद्धा बुरशी येते. अण्णांनी हे ऐकलं आणि तरीही तिन्ही म्यानं घेतली. तेलाची कुपी महिन्याभरात उपडी झाली. तेव्हापासून 'प्रबळ'ला वहिनींच्या शिलाई मशीनचं तेल लागतं.

मग आली खरी अडचण. नियम सांगतो, सार्वजनिक जागी हत्यार न्यायचं तर पूर्ण झाकून. दाखवायचं नाही, परजायचं नाही. लग्नात बार काढला तर 2019 पासून दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. म्हणजे लाखाच्या वर पैसे मोजून आणलेली वस्तू शर्टाखाली. चेनीला असा कायदा नाही, म्हणून तर चेन खपते. अण्णांनी मग न दाखवता दाखवण्याची एक कला कमावली. खुर्चीत बसायच्या आधी थांबायचं. शर्ट ओढायचा. दोन बोटांनी काहीतरी सरकवायचं. मग 'हं' म्हणून टेकायचं. सरपंचांपेक्षा सरस करतात, मी दोघांचंही पाहिलंय.

फक्त हत्याराला घर लाभेना. फेब्रुवारीत आणलं. 16 मार्चला लोकसभेची आचारसंहिता लागली आणि ठाण्यातून निरोप आला, जमा करा. जूनमध्ये निकाल लागल्यावर ते परत आलं, पावसाळाभर तेल पीत राहिलं. 12 ऑक्टोबरला दसरा. पाटावर कोयता, विळा, गाडीचा पाना आणि मधोमध 'प्रबळ', त्यावर हळदीकुंकू, झेंडू, अक्षता. नळीत गेलेली अक्षत वहिनींनी कानकोरण्याने काढली. मंगळवारी, 15 तारखेला, विधानसभेची आचारसंहिता. पुन्हा निरोप. हळदीच्या डागासकट ते ठाण्यात गेलं. जमादारांनी पावती लिहिता लिहिता विचारलं म्हणे, "हे तुमच्याकडं असतं कधी?"

तुळशीचं लग्न झालं आणि गावात लग्नं सुरू झाली. माझ्या पुतणीच्या लग्नात अण्णा आले, उजवा हात वीतभर लांब. पंगतीत माझ्या समोरच्या पाटाशी थांबले, शर्ट ओढला, दोन बोटांनी सरकवलं, 'हं' म्हणून बसले. शेजारची दोन पोरं सावरून बसली. मला मात्र कोडं पडलं. मतदान अजून व्हायचं होतं.

एवढ्यात कोणीतरी त्यांच्या हातात आहेराची यादी दिली. अण्णांनी यादी हातभर लांब धरली. मग सावकाश, अख्ख्या पंगतीच्या देखत, शर्टाखाली हात घातला. वाढपी बासुंदीची बादली घेऊन जागच्या जागी थांबला. म्यानाचं बटण टक् वाजलं, आणि ठाण्याच्या घडी घातलेल्या पावतीत गुंडाळलेला चष्मा बाहेर आला.

"मापात बसतोय, गुरुजी," अण्णा म्हणाले आणि यादी वाचायला लागले.