रविवारचा गड

बैठ्या जीवनशैलीवर पुणेकरांनी शोधलेला उपाय देशाने तातडीने स्वीकारावा. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम व्यायाम सांगते. सिंहगडावर हा सगळा हिशेब एका रविवारी चुकता होतो, त्यातला बराचसा घाटात, गाड्यांच्या रांगेत बसून. (क्लच दाबणे हा पायांचाच व्यायाम होय.) वाहनतळापासून पहिल्या झोपडीपर्यंत मात्र अजूनही चालावे लागते, वनखात्याने याचा सहानुभूतीने विचार करावा.

पुढे आहार. पहिल्या घाण्याची कांदाभजी कागदावर तेल सोडतात, म्हणजे तेवढे तेल आपण खातच नाही. मग पिठलं-भाकरी, ठेचा, वर लोण्याचा गोळा आणि मडक्यातलं दही. शेतकऱ्याचेच जेवण हे, तेव्हा पौष्टिकतेबद्दल वाद नाही. त्याआधीची नांगरणी तेवढी वगळली आहे.

परवा मात्र एका गृहस्थांनी शिस्त मोडली. आतकरवाडीतून पायी चढले, लिंबूसरबत घेतले आणि तसेच उतरू लागले. चौघांनी वाटेत थांबवून काळजीने विचारले, "काका, बरं वाटत नाहीये का? वर गाडी आहे, खाली सोडू का?"