रविवारी गैरहजर

शुक्रवारी रजा, सोमवारी रजा, एकूण किती? चौथीतलं पोर दोन म्हणेल. एचआरचं उत्तर चार. हा सँडविचचा नियम कालपर्यंत दुसऱ्यांच्या कंपनीत असतो, आणि मग एका शनिवारी रात्री ‘सुधारित रजा धोरणा’चा मेल येतो: कर्मचाऱ्यांच्या हितासाठी, एक तारखेपासून लागू, आधी मंजूर झालेल्या रजांसह. साठ दिवस आधी सकाळी आठच्या ठोक्याला मोबाइल घेऊन बसून ज्याने गणपतीचं कोकणचं तिकीट पटकावलं आणि साहेबांची मंजुरीही घेतली, त्याच्या शिलकीतले दोन दिवस बसल्याजागी गेले. तिकीट तेच, गाडी तीच, गणपतीही तेवढेच दिवस.

या गेलेल्या रविवाराकडे जरा नीट बघा. त्या दिवशी ऑफिसला कुलूप, एसी बंद, कँटीनवाला गायब. कुणी कर्तव्यदक्ष हजेरी लावायला गेलाच, तर गळ्यातलं कार्ड दाखवूनही वॉचमन त्याला आत सोडणार नाही. तरी माणूस गैरहजर. बंद ऑफिसातून गैरहजर! त्याच वेळी त्याचे साहेबही घरी पोहे खात बसलेले असतात; पण ते सुट्टीवर, हा रजेवर. का? तर दोन्ही बाजूंना रजा, म्हणून मधला रविवारही रजा. ठीक आहे, मान्य. मग ज्याने शुक्रवारी काम केलं आणि सोमवारीही केलं, त्याचा मधला शनिवार-रविवार काम का नाही? वर्षाला ५२ आठवडे, म्हणजे १०४ दिवसांचा ओव्हरटाइम झाला, काढा चेक. आणि दिवसांवरच का थांबायचं? दोन रजांच्या मधली रात्रही रजाच की. तेवढी झोपसुद्धा वजा करा, घोरणाऱ्याची दुप्पट.

अकाउंट्सवाले म्हणतात, पगार महिन्याचा असतो, रविवारचाही देतो. देता ना? मग तो कमावून झाला. तोच पुन्हा रजेच्या खात्यातून वळता करणं म्हणजे एकच माल दोनदा विकणं. कुणी म्हणतं, सरकारातही असंच चालतं. अर्धं खरं आहे. तिथे अर्जित रजेत मधली सुट्टी धरतात, पण ती रजा वर्षाला ३० दिवस मिळते आणि ३०० दिवसांपर्यंत साठते; नैमित्तिक रजेत तर मधला रविवार मोजतच नाहीत. राज्याच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात वर्षाला २४० दिवस भरल्यावर वीस दिवसांच्या कामामागे एक रजा, साठवण ४५ पर्यंत. एवढ्याशा शिलकीला चार-चारने कात्री! १९४८ च्या कारखाने कायद्याच्या ७९ व्या कलमात चक्क खुलासा होता की रजेच्या मध्ये किंवा टोकाला येणाऱ्या सुट्ट्या रजेत धरायच्या नाहीत. यंत्रावरच्या माणसाला हे मिळालं. लॅपटॉपवरच्याला नाही, कारण आपण कामगार आहोत हे त्याला पटतच नाही.

आता शेवटचा आणि सगळ्यांचा आवडता मुद्दा: लोक लाँग वीकेंड साधतात. साधतात! पण मंजुरी कुणी दिली? शुक्रवारी माणूस हवा असेल तर शुक्रवारची रजा नाकारा. पण नाकारायला समोरच्याच्या तोंडाकडे बघावं लागतं, वाईटपणा घ्यावा लागतो. त्यापेक्षा सॉफ्टवेअरला सांगितलं की काम झालं. याला शिस्त म्हणत नाहीत, खिसा कापणं म्हणतात. मुंबईच्या गिरणी कामगारांनी १८९० साली मालकांशी भांडून रविवारची सुट्टी मिळवली. तीच आता एक्सेलच्या एका रकान्यातून परत जाते आहे, आणि भांडण सोडा, मेलला उलट उत्तरही कुणी देत नाही. ग्रुपवर अंगठ्याचं चित्र टाकून सगळे मोकळे.

ज्या वर्षी १ मे शुक्रवारी येतो, त्या वर्षी गुरुवारी आणि सोमवारी रजा टाकून बघा. दोनाचे पाच होतात. कामगार दिनसुद्धा कामगाराच्या रजेतून वजा. त्याच सकाळी एचआरकडून शुभेच्छांचा मेल येतो, आणि रजेवर असलात तरी त्याला उत्तर द्यायचं असतं.