तीनशे रुपयांची विंडो

घरच्या कॉम्प्युटरवर लिनक्स चालेल का, असं पुण्यात विचारलं तर परिसंवाद भरतो. सुरतेत विचारलं तर भाव विचारतात. भाव शून्य, असं ऐकलं की समोरचा माणूस खुर्ची दोन बोटं मागे घेतो. रिंग रोडच्या कापड मार्केटमध्ये हयात गेलेल्या माणसाला कुणी काही फुकट देऊ लागलं, तर तो आधी कापड उजेडात धरून भोक शोधतो. तिथे सेकंड मालसुद्धा फुकट जात नाही, आणि ही तर म्हणे अख्खी ऑपरेटिंग सिस्टिम, वर तिचा सोर्स कोडही उघडा. उघडा माल घ्यायचा कुणी?

लिंबायत, उधना, डिंडोली, गोडादरा इकडे खानदेशातून रेल्वेच्या तापी लाइनने आलेली मोठी मराठी वस्ती आहे. महापालिकेच्या मराठी माध्यमाच्या शाळा आहेत, कानबाईचा उत्सव आहे आणि गल्लीगणिक एक कॉम्प्युटरवाला भाऊ आहे. घरात विंडोज आहे की आणखी काही, हे घरमालकाला विचारू नये. त्याच्या घरात ऑपरेटिंग सिस्टिम नसते, भाऊ असतो. मशीन स्लो झालं की भाऊला फोन. भाऊ स्कूटरवरून येतो, चहा घेतो, पेन ड्राइव्ह लावतो आणि विचारतो, "नाना, सी ड्राइव्हमध्ये काही कामाचं ठेवलंय का?" नाना म्हणतात, "सी म्हणजे कोणतं?" मग फॉरमॅट मारला जातो, नातवाच्या बारशाचे फोटो जातात आणि नवी विंडो टाकली जाते. तीनशे रुपये. ऑफिस, फोटोशॉप आणि अँटिव्हायरस त्यातच. अँटिव्हायरसही क्रॅक केलेला असतो. चोरीच्या घराला चोरीचंच कुलूप.

लिनक्सवाल्यांचं गणित नेमकं इथे फसतं. त्यांना वाटतं, आपली स्पर्धा हजारो रुपयांच्या विंडोजशी आहे. ती विंडोज नानांनी जन्मात पाहिलेली नाही. स्पर्धा आहे तीनशे रुपयांच्या विंडोशी, आणि तीनशे मोजून घेतलेली वस्तू शून्यात मिळालेल्या वस्तूपेक्षा नेहमीच भरवशाची वाटते. सॉफ्टवेअर कंपन्यांच्याच बीएसए या संघटनेने 2018 साली जो अहवाल काढला, त्यात भारतातलं 56 टक्के सॉफ्टवेअर विनापरवाना असल्याचा अंदाज होता. म्हणजे नाना बहुमतात आहेत. आणि बिल गेट्स यांनी 1998 सालीच चीनबद्दल बोलताना सांगून टाकलं होतं की लोक चोरणारच असतील तर त्यांनी आमचंच चोरावं. एकदा चटक लागली की वसुलीचं पुढे बघता येईल. सुरतेच्या कुठल्याही शेठजीला उधारीचा हा हिशोब समजावून सांगावा लागत नाही.

आता प्रामाणिकपणे पाहिलं, तर नाना कॉम्प्युटरवर करतात काय? यूट्यूबवर अहिराणी गाणी. लाइट बिल. महापालिकेचा वेरा, म्हणजे कर. भाचीचा बायोडाटा. यातलं सगळं ब्राउझरमध्ये आणि लिब्रेऑफिसमध्ये होतं, आणि लिनक्स मिंट टाकलेल्या दहा वर्षं जुन्या मशीनवर बऱ्यापैकी चपळ होतं. केरळच्या सरकारी शाळांतली मुलं कितीतरी वर्षं लिनक्सवरच शिकताहेत आणि त्यांना त्याची काही बाधा झाल्याचं ऐकिवात नाही. मराठी टायपिंगसाठी इनस्क्रिप्ट कीबोर्ड आयता मिळतो. "आपल्याला ते लिनक्स जमायचं नाही," असं मावशी ज्या फोनवरून कळवतात, त्या अँड्रॉइडच्या पोटात लिनक्सचाच कर्नल आहे. हेलसिंकीतल्या लिनस टोरवाल्ड्स नावाच्या विद्यार्थ्याने 1991 साली सुरू केलेलं हे प्रकरण मावशी रोज सकाळी सहा वाजता गुलाबाच्या फुलासकट आम्हाला पाठवतात.

अडतं ते दुसरीकडेच. सुरतेत निव्वळ 'घरगुती' कॉम्प्युटर असतो कुठे? दोन खोल्यांच्या घरात ज्या टेबलावर पोरगी अभ्यास करते, त्याच टेबलावर रात्री जॉबवर्कची चलनं बनतात, टॅलीत नोंदी होतात आणि एम्ब्रॉयडरीचं डिझाइन पेन ड्राइव्हमध्ये भरून खात्यावर, म्हणजे कारखान्यात, जातं. टॅली विंडोज मागते. डिझाइनरच्या हाताला सवय झालेलं सॉफ्टवेअर विंडोज मागतं. लिनक्सवर इंकस्टिच नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, ते मशीनला चालणारी डीएसटी फाइलही काढून देतं. पण रात्रपाळीला चालू मशीन थांबलं तर शेठ ओरडणार डिझाइनरवर, मुक्त सॉफ्टवेअर चळवळीवर नाही. लग्नपत्रिकेच्या जुन्या फाइलींतले मराठी फॉन्ट तर लिनक्समध्ये उघडले की वधूचं नाव पुराणकाळातल्या शिलालेखासारखं दिसतं.

बरं, लिनक्सच्या बाजूने बोलायला कोण उभं राहतं? इंजिनिअरिंगला असलेला पुतण्या. नाना म्हणतात, "वायफाय लागत नाही रे." पुतण्या म्हणतो, "काका, आधी स्वातंत्र्य म्हणजे काय ते समजून घ्या." मग काळा पडदा उघडतो, सुडो सुडो करत तासभर मंत्र म्हणतो आणि शेवटी सांगतो की उबंटू टाकलं हीच चूक झाली, फेडोरा टाकायला हवं होतं. त्याचा मित्र म्हणतो, डेबियन. दोघांचं भांडण जुंपतं. नाना मोबाइलचा हॉटस्पॉट लावून बातम्या बघतात. सरकारनेही प्रयत्न केला. सी-डॅकने 'बॉस' नावाची देशी लिनक्स काढली. दिवसभर ऑफिसात बॉस सोसणारा माणूस त्याला घरी कशाला आणेल?

मध्यंतरी एक संधी मात्र चालून आली होती. 14 ऑक्टोबर 2025 ला मायक्रोसॉफ्टने विंडोज 10 चा नियमित पाठिंबा थांबवला, आणि विंडोज 11 साठी टीपीएम 2.0 ची चिप आणि बऱ्यापैकी नवा प्रोसेसर लागतो. म्हणजे ठणठणीत चालणारी जुनी मशीनं एका तारखेत म्हातारी झाली. पुढच्याच आठवड्यात दिवाळी. सुरतेत चोपडापूजनाला आता वह्यांशेजारी लॅपटॉपही मांडतात. कडेला कुंकवाचा साथिया (स्वस्तिक), वर फूल, कीबोर्डवर चार अक्षता. त्या अक्षतांतली एक स्पेसबारखाली जाते आणि वर्षभर तिथेच राहते. लक्ष्मीसमोर मांडलेली विंडोज सुरक्षा अपडेटांना मुकली होती, पण शुभ-लाभ लिहून झाल्यावर कोण विचारतो? भाऊने टीपीएमची अटच काढून टाकलेल्या विंडोज 11 ची पेन ड्राइव्ह तोवर तयार ठेवली होती. तीही तीनशेत. सणाचं म्हणून.

भाऊला मी सरळ विचारलं, लिनक्स का टाकत नाहीस? तो म्हणाला, "साहेब, ते एकदा टाकलं की माणूस दोन-दोन वर्षं फोन करत नाही. मी खायचं काय?" एवढं स्वच्छ अर्थशास्त्र मी कुठल्याही परिसंवादात ऐकलेलं नाही.

म्हणून माझी योजना भाऊच्या पोटाकडे बघून आखलेली आहे. लिनक्सच्या परवान्यात पैसे घेऊ नका असं कुठेही म्हटलेलं नाही, विकायला पूर्ण मुभा आहे. तेव्हा स्वातंत्र्य वगैरे शब्द काढायचेच नाहीत. भाऊने दार ओढून घ्यावं आणि आवाज खाली आणून सांगावं, "नाना, लिनक्स प्रो आलंय. बाहेर पंधरा हजार. आपल्याकडे क्रॅक आहे, साडेचारशे."

नाना लगेच सावरून बसतील. "कुणी पकडत नाही ना?"

"नाही."

"अपडेट मारलं तर बंद पडेल?"

"नाही पडत."

"साडेतीनशे घे," नाना म्हणतील, "आणि अँटिव्हायरस टाकून दे."