चौकट, कळफलक आणि चटई क्षेत्र

हिंजवडीत नोकरी करणारा प्रोग्रामर तीन विषयांवर विशेष ठाम असतो. वेब फ्रेमवर्क, म्हणजे संकेतस्थळ उभारण्याची आयती चौकट, चिरस्थायी नसते हे त्याला २०१६ मध्येच कळायला हरकत नव्हती. त्या वर्षी अँग्युलर या चौकटीची दुसरी आवृत्ती पहिलीशी फारकत घेऊनच अवतरली आणि अनेक चालू कामे नव्याने लिहावी लागली, तरीही नवी चौकट दिसताच सुरळीत चाललेले काम मोडून तीत बसवण्याचा त्याचा उत्साह तसूभरही ओसरलेला नाही. कळफलकाबाबत त्याचे वैर थेट एकोणिसाव्या शतकाशी आहे: टंकलेखन यंत्रासाठी त्या काळी ठरलेली क्वर्टी मांडणी त्याला मनगटावरील अत्याचार वाटते, म्हणून तो मधोमध दुभंगलेला, दोन्ही भाग खांद्यांइतक्या अंतरावर ठेवता येणारा आणि कळांवर एकही अक्षर नसलेला फलक मागवतो, ज्यावर शेजारच्या सहकाऱ्याला स्वतःचे नावही टंकता येत नाही. (रात्री हाच गृहस्थ पलंगावर आडवा पडून, मान मोडून लॅपटॉप वापरतो.) घरांच्या किमतींवरचा त्याचा संताप मात्र अस्सल आहे. २०१६ च्या स्थावर संपदा कायद्याने, म्हणजे रेराने, चटई क्षेत्राची, अर्थात बाहेरील भिंती वगळून उरणाऱ्या वापरायोग्य जागेची, व्याख्या पक्की केली, दर मात्र मोकळे सोडले. परिणामी वाकडमधल्या सदनिकेत कळफलकाचे दोन भाग किती अंतरावर मावतील याचा हिशोब तरी आता चोख करता येतो. हे भाव बाहेरच्यांनी चढवले, असे त्याचे निदान आहे, आणि बाहेरचे म्हणजे त्याच्यानंतर पुण्यात आलेले सर्व.