अर्धवट ऐकण्याचा धंदा

कथाकथन संपलं, की आयोजक ‘कुणाला काही विचारायचं असल्यास...’ असं म्हणतात आणि निम्मं सभागृह चहाच्या दिशेनं सरकतं. उरलेल्यांतला एकजण हमखास उठतो आणि विचारतो, ‘तुम्हाला कथा सुचतात कुठून?’ अशा वेळी लेखकानं क्षणभर छताकडे बघायची पद्धत आहे. मग ‘ते आतून येतं’ असं काहीतरी पुटपुटायचं. लोकही खूश होतात. आतून म्हणजे नेमकं कुठून, हे विचारण्याइतकं कुणी निर्दय नसतं.

खरं म्हणजे मराठी कथेची प्रेरणा आषाढात येते आणि फोनवरून येते. १९०९ साली का. र. मित्रांनी ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला आणि चकली-चिवड्याच्या शेजारी छापील मजकूर ठेवायची चाल पडली. तेव्हापासून आमच्या प्रतिभेला हंगाम आहे.

‘कथा कुठवर आलीय?’ संपादक विचारतात.

‘डोक्यात आहे.’

‘गणपतीच्या आत बाहेर काढा. दोन हजार शब्द. आणि यंदा जरा हलकंफुलकं बघा हो. गेल्या वर्षी आपल्या अंकात पाच कथांत आई वारली.’

फोन ठेवला की कळतं, डोक्यात काहीही नाही. मग थोरामोठ्यांनी काय केलं होतं ते आठवायचं. जर्मन कवी शिलर म्हणे टेबलाच्या खणात सडकी सफरचंदं ठेवायचा. त्या वासाशिवाय त्याला लिहिता येत नसे. एकदा त्याचा कविमित्र गटे त्याच्या टेबलाशी जाऊन बसला, तर त्याला भोवळ यायची वेळ आली. आमच्याकडे हे जमणं शक्य नाही. सफरचंदाला डाग पडला रे पडला की त्याची कोशिंबीर होते. खणापर्यंत ते पोचतच नाही. जी. ए. कुलकर्णी धारवाडला राहून, गर्दी टाळून लिहायचे. हा मार्ग मला मनापासून पटला होता. पण माणसांना टाळायचं, तर आधी ती आपल्याला शोधत यायला हवीत.

चिं. वि. जोशींचं उदाहरण त्यातल्या त्यात धीर देणारं. गृहस्थ बडोद्याला पाली शिकवायचे आणि लिहिले कोण, तर चिमणराव! आता चिमणराव काही त्रिपिटकात नाहीत. तेव्हा बडोद्यातल्या कुणाच्या तरी ओसरीवर प्राध्यापकांचे कान टवकारलेले असणार, असं माझं स्पष्ट मत आहे.

माझी ओसरी म्हणजे कोपऱ्यावरची पिठाची गिरणी. दळण आणायला आपण होऊन निघणारा नवरा हा आमच्या घरात प्रथम संशयाचा विषय होता, नंतर सोयीचा झाला. गिरणीत डबे रांगेनं मांडलेले असतात. झाकणांवर ऑइलपेंटनं आडनावं. आत चिठ्ठी : ‘चपातीसाठी, बारीक’. गिरणीवाल्याच्या पापण्यासुद्धा पांढऱ्या. पीठ पडतं त्या कापडी नळीला तो थापट्या मारत असतो आणि ‘बाजरीवर आमचे गहू घालू नका हं’ हे वाक्य दर पाच मिनिटांनी नव्या माणसाकडून ऐकत असतो. बाकड्यावर बसलेल्यांना कामधंदा नसतो. समोर डबा, शेजारी ओळखीचं माणूस आणि हाताशी वेळ. एवढं मिळाल्यावर मराठी माणूस गप्प बसल्याचं माझ्या तरी पाहण्यात नाही.

पण गिरणीची खरी थोरवी तिच्या पट्ट्यात आहे. परवा दोन बायका बोलत होत्या. एक म्हणाली, ‘मग काय, भर बारशात तिनं हातातल्या पाटल्या काढल्या, पाळण्यात ठेवल्या आणि सासऱ्यांकडे बघून म्हणाली...’

घर्रर्रर्र!

कुणाचे तरी गहू वर पडले होते. बाईंचे ओठ हलत होते, डोळे मोठे होत होते. दुसरीनं तोंडावर पदर धरला. एकदा तर तिनं कपाळाला हात लावला. मी उगीचच पिशवी उचलायचं निमित्त करून जवळ सरकलो, पण काही उपयोग झाला नाही. गहू संपले, पट्टा थांबला आणि शांततेत स्वच्छ ऐकू आलं, ‘...म्हणून तर त्यांच्याकडे आता कुणी पापड लाटायला जात नाही.’

आता सांगा, पाळण्यातल्या पाटल्या आणि पापड यांच्यामध्ये काय घडलं असेल? घरी येईपर्यंत माझी चाल मंदावली होती. रात्री जेवताना सासऱ्यांना आवाज आला, सुनेला माहेर मिळालं आणि पापडाचं पीठ भिजवण्यापूर्वीच कथा तयार झाली. बाईंचं बोलणं मला सगळं ऐकू आलं असतं, तर एका कुटुंबाची भानगड कळली असती, बस्स. मधलं चार किलो गव्हाचं अंतर माझ्या उपयोगी पडलं. घरघंट्या आणि तयार आट्याच्या पिशव्या आल्यापासून मराठी कथेचं जे व्हायचं ते होतंय. समीक्षक मात्र कारणं भलतीकडे शोधतात.

उलट संपूर्ण गोष्ट सांगणाऱ्यांची मला धास्ती वाटते. आमच्या वरच्या मजल्यावरचे निवृत्त अण्णा ‘तुला एक जबरदस्त कथानक देतो’ म्हणून आले, ते फाईल घेऊनच. भावकीचा जमिनीचा दावा. सातबारा होता, फेरफार होते, मोजणीचा नकाशा होता, वकिलांच्या पावत्यासुद्धा. ‘एक शब्द मनाचा घालायचा नाही,’ अण्णांनी बजावलं. मी सातबारा उलटासुलटा करून पाहिला. विहिरीची नोंद होती, आंब्याच्या झाडांची होती, नायिकेची कुठंच नव्हती.

कथा छापून आली की वेगळाच खेळ सुरू होतो. ज्यांना उचलून कथेत बसवलं, त्यांना पत्ता लागत नाही. ज्यांचा विचारही मनात आला नव्हता, ते दाराशी येतात. मागे एक कंजूष म्हातारा लिहिला होता. मूळ मालकांनी ती कथा वाचून मला रस्त्यात थांबवलं आणि ‘असे नमुने असतात हो!’ म्हणत पाठ थोपटली. चहा पाजला नाही. आणि आमचे मामा, जे पाहुण्याला जेवल्याशिवाय सोडत नाहीत, ते मात्र ‘म्हणजे मी लोकांच्या चपला मोजतो काय?’ म्हणून दोन सणांना आले नाहीत.

पाटल्यांची कथा यंदाच्या अंकात आली. दिवाळीनंतर गिरणीत त्याच बाई भेटल्या. मी डब्याआड जायच्या बेतात होतो, तोच त्यांनी हाक मारली, ‘अहो, तुमची गोष्ट वाचली. आमच्या नणंदेच्या घरी अगदी अस्संच झालं! कुणी सांगितलं तुम्हाला?’

‘सुचलं आपलं,’ मी छताकडे बघत म्हटलं.

‘पण शेवट साफ चुकलाय तुमचा.’ त्या बाकड्यावर सरकून बसल्या आणि मला जागा करून दिली. ‘बसा. त्या पाटल्यांचं खरं काय झालं ते सांगते. म्हणजे पुढच्या वर्षी नीट लिहाल. त्या पाटल्या मुळात तिच्या नव्हत्याच, त्या...’

‘दादा,’ मी गिरणीवाल्याला ओरडून म्हटलं, ‘आमचे गहू घाला आधी!’